ताट आणि दावण : दख्खनच्या वनस्पतिप्रधान आहाराचा व्यावहारिक इतिहास

ज्या आहारात धान्य, कडधान्य, तेलबिया, भाज्या आणि फळे यांच्यावरच पोटाचा मुख्य भार असतो आणि मांस, मासे, अंडी व दूध यांचा वाटा अगदी थोडा असतो, असा वनस्पतिप्रधान आहार पूर्वीच्या काळी सामान्य माणसाला पेलणारा होता का, हा प्रश्न महाराष्ट्राच्या पठारापुरता विचारला, तर त्याचे उत्तर धर्मग्रंथांत थोडे आणि शेत, घाणा, पेव व दावण यांत पुष्कळ सापडते. मराठीत ‘शाकाहार’ हा शब्द दूध, दही, तूप यांना सामावून घेतो, त्यामुळे शाकाहारी घर आणि प्राण्यांपासून काहीच न घेणारे घर यांत मोठे अंतर पडते. शिवाय व्रत म्हणून मांस वर्ज्य करणे आणि परवडत नाही म्हणून मांसाशिवाय राहणे या दोन गोष्टीही निराळ्या आहेत. हे भेद ध्यानात ठेवून पाहिले असता असे दिसते की दख्खनमधील ताट बहुतेक दिवस वनस्पतींवर भागत होते, परंतु ते ताट ज्या शेतातून भरत होते ते शेत मात्र जनावरांवाचून एक दिवसही चालणारे नव्हते, आणि त्या जनावरांच्या मरणोत्तर विल्हेवाटीचा भार समाजातील ज्या थरावर टाकलेला होता त्याचा हिशेब या आहाराच्या गौरवात सहसा धरला जात नाही.

महाराष्ट्रातील शेतीचा आरंभकाळ ताम्रपाषाण युगातील, म्हणजे तांबे आणि दगड या दोहोंची हत्यारे बरोबरीने वापरणाऱ्या वसाहतींच्या अवशेषांतून कळतो. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, आजच्या पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे दीड दशक उत्खनन केले, आणि हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर व झैनुद्दीन अन्सारी यांच्या या कामातून सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील एका खेड्याचे जीवन उजेडात आले. तेथील जळलेल्या दाण्यांमध्ये सातूचे प्रमाण मोठे होते, त्याच्याबरोबर गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ आणि वाल होते, धान्य साठवण्याच्या बळदांच्या जागा होत्या. पण त्याच घरांच्या आसपास गुरे, शेळ्यामेंढ्या आणि हरणे यांची कापल्याच्या खुणा असलेली हाडेही मिळाली. वस्तीच्या अखेरच्या कालखंडात, म्हणजे इ. स. पूर्व १००० नंतर, पिकांची पीछेहाट होऊन लोक पशुपालनाकडे व शिकारीकडे अधिक वळले, असा उत्खननकारांचा निष्कर्ष आहे. येथल्या पहिल्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने मांस हा पाऊस दगा देई तेव्हाचा आधार होता, आणि ते वगळून निव्वळ पिकांवर जगणे हे नंतरच्या काळात, योग्य पिके हाती आल्यावरच शक्य झालेले दिसते.

ही योग्य पिके बाहेरून आली. ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही तिन्ही तृणधान्ये मूळची आफ्रिकेतील असून इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या सुमारास ती भारताच्या पश्चिम भागात येऊ लागली, तर मूग, उडीद, कुळीथ आणि तूर ही कडधान्ये भारतातच माणसाळवली गेली आणि हरभरा, मसूर, जवस व करडई पश्चिम आशियाकडून आली. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, जिथे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तरी लोक समाधान मानतात, तिथे सातू आणि गव्हाची जागा ज्वारीने घेणे हा या इतिहासातील सर्वांत मोठा बदल म्हटला पाहिजे. काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन घेते आणि रब्बीची ज्वारी पाऊस थांबल्यावर पेरली जाऊन त्याच मुरलेल्या ओलीवर दाण्याला येते, त्यामुळे विहीर नसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही वर्षाची भाकर मिळवता येते. ज्वारीचे महत्त्व दाण्यापुरते नाही. कणीस खुडल्यावर उरलेले वाळलेले ताट, म्हणजे कडबा, हा बैलाचा वर्षभराचा चारा असतो, आणि एकाच पेरणीत माणूस व बैल या दोघांची सोय करणारे हे पीक होते म्हणूनच पठारावर ते टिकले. माणसाच्या आणि जनावराच्या अन्नासाठी वेगवेगळी जमीन राखणे लहान शेतकऱ्याला कधीच शक्य नव्हते.

नुसत्या ज्वारीवर मात्र शरीर टिकत नाही. प्रथिने ज्या घटकांची बनलेली असतात त्यांना अमिनो आम्ले म्हणतात, आणि त्यांपैकी लायसिन नावाचे आम्ल तृणधान्यांत कमी असते, तर कडधान्यांत ते भरपूर असून मेथिओनिन हे दुसरे आम्ल कमी पडते. भाकरी आणि वरण, भाकरी आणि पिठले, खिचडी, बाजरीबरोबर मटकीची उसळ अशा जोड्यांत एकाची उणीव दुसरे भरून काढते. हे रसायन कोणाला ठाऊक नव्हते, परंतु शेताने तीच जोडी आधीच लावून दिलेली होती. ज्वारीच्या ओळींत तूर, बाजरीत मटकी किंवा हुलगा पेरण्याची रीत होती, कारण कडधान्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र जमिनीत बांधतात आणि त्या जमिनीत पुढचे पीक जोमदार येते. हरभऱ्याचा चांगला बेवड, म्हणजे आधीच्या पिकाने जमिनीवर मागे ठेवलेला परिणाम, शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ओळखत आले. जमिनीचा कस राखणारे पीकच ताटातील प्रथिनांची उणीव भरून काढत होते. डोंगराळ भागात नाचणीने आणखी एक गरज भागवली, कारण तिच्या १०० ग्रॅम दाण्यांत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, आणि ज्या मावळी किंवा कोकणी घरात दुभते जनावर नव्हते तिथे हाडांना लागणारे हे द्रव्य नाचणीच्या भाकरीतून आणि आंबिलीतून मिळत असे.

रोजच्या जेवणाचे स्वरूप यावरून समजू शकते. भाकरी, तिच्याबरोबर कोरड्यास, म्हणजे जे काही लावून खायचे ते, आणि शक्य असेल तर ताक, एवढाच बहुसंख्य कुणबी घरांचा वर्षभराचा बेत असे. कोरड्यास कधी हुलग्याचे माडगे असे, कधी अंबाडीची किंवा चिघळीची भाजी, कधी जवसाची, कारळ्याची किंवा तिळाची चटणी, तर कधी नुसता कांदा. चटणीला येथे गौण मानणे चूक ठरेल, कारण तेलबियांतील स्निग्धांश पोटात जाण्याचा गरिबाचा तोच स्वस्त मार्ग होता. मांस वर्ज्य नव्हते. जत्रेतला बकरा, दसरा, शिमगा किंवा नवस अशा निमित्तांनी ते वर्षातून मोजक्या वेळा शिजत असे, आणि एरवी कोंबडी व शेळी या खाण्यापेक्षा विकण्याच्या वस्तू होत्या. कोकणात आणि गोव्यात चित्र निराळे होते, कारण तेथे भाताबरोबर ओली-सुकी मासळी इतकी सहज मिळे की सारस्वत ब्राह्मणांनीही ती वर्ज्य मानली नाही. मात्र दुधाची टंचाई तेथेही होती आणि ती जागा नारळाच्या रसाने घेतली.

तेलाशिवाय हा आहार पुरा होत नाही, आणि तेलासाठी घाणा हवा. लाकडी उखळीत फिरणारी लाट, तिला जुंपलेला डोळे बांधलेला बैल आणि गावाकडून मजुरी म्हणून मिळणारा धान्याचा किंवा पेंडीचा वाटा, अशी तेल्याची व्यवस्था होती. पठारावर करडई, तीळ, जवस व कारळे गाळले जात. कोकणात हा धंदा बेने इस्रायल या ज्यू समाजाकडे मोठ्या प्रमाणावर होता आणि शनिवारी ते घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. तुकोबांचे अभंग उतरवून ठेवणारे संताजी जगनाडे हेही याच व्यवसायातले होते. वनस्पतींपासून निघणाऱ्या या तेलाच्या साठवणीसाठी आणि वाहतुकीसाठी बुधला नावाचे भांडे वापरीत, आणि तो बुधला कातड्याचा असे. या एका भांड्यात सगळा प्रश्न साठलेला आहे.

पीक एकदा किंवा दोनदा येते आणि पोट रोज मागते, म्हणून साठवणीची कला ही वनस्पतिप्रधान जीवनाची खरी कसोटी होती. मुरमाड, कोरड्या जमिनीत खोल खड्डा घेऊन, त्याला आतून कडबा व पाचट लावून, ज्वारी भरून तोंड मातीने लिंपून टाकत. त्याला पेव म्हणत आणि अशा पेवांत ज्वारी काही वर्षे टिकत असे, कारण आतील हवेतला प्राणवायू संपल्यावर किडा जगत नाही. हीच गोष्ट माणसालाही लागू होती, आणि पेव उघडल्यावर लगेच आत उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या आठवणी पेवांच्या गावांत सांगितल्या जातात. म्हणून आधी दिवा सोडून तो विझत नाही ना हे पाहण्याची रीत पडली. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे याच तंत्राची पुढची व्यापारी शाखा होत. घरात तुराट्यांची किंवा बांबूची विणून शेणाने लिंपलेली कणगी असे, कडधान्याला एरंडेल तेलाचा हात फिरवून भुंग्यापासून राखले जाई, धान्यात कडुनिंबाचा पाला आणि राख घातली जाई. उन्हाळ्यात वाळवण होई, आणि सांडगे, पापड, कुरड्या, खान्देशातील ज्वारीच्या बिबड्या, वाळवलेली गवार व मेथी, चिंच व आमसुले यांच्या रूपाने पावसाळ्यातील भाजीविना महिन्यांची तरतूद होत असे. हे सगळे श्रम स्त्रियांचे होते, आणि पहाटेच्या दळणासह ते मोजले तर वनस्पतींचे अन्न स्वस्त होते हे विधान पैशापुरतेच खरे ठरते.

पुष्कळदा परंपरागत म्हणून मिरवणारे शाकाहारी पदार्थ प्रत्यक्षात अलीकडचे आहेत, याचीही नोंद येथे घ्यावी लागते. मिरची, बटाटा, रताळे आणि भुईमूग ही सर्व अमेरिका खंडातील पिके असून सोळाव्या शतकात व त्यानंतर पोर्तुगीजांच्या व इतरांच्या व्यापारातून ती इकडे आली. बटाटा हा शब्दच पोर्तुगीज आहे. भुईमूग महाराष्ट्रात मोठ्या क्षेत्रावर पसरला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकात, तर टॅपिओकापासून बनणारा साबुदाणा विसाव्या शतकातच स्वस्त झाला. एकादशीच्या उपवासाचे आजचे ताट यांतून बनलेले आहे, आणि यादवकाळातील उपवासकऱ्यास त्यातील बहुतेक पदार्थ ओळखताही आले नसते. मिरची येण्यापूर्वी तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि आले होते, आणि ती विकत घ्यावी लागत असल्याने गरिबाच्या स्वयंपाकात ती जपूनच पडत.

दुधाचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. पठारावरील खिलार ही गाईची जात बैलांसाठी जोपासलेली आहे. तिचा बैल चपळ व काटक असतो, पण गाय दूध थोडे देते आणि त्यातला मोठा वाटा वासराचा असतो. घरात म्हैस असली तर दुधाचे लोणी करून, ते कढवून तूप बाजारात जाई आणि घरच्यांच्या वाट्याला ताक राही. तूप शहराकडे, देवळाकडे आणि दक्षिणेवर जगणाऱ्या घरांकडे वाहत असे. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या, सुमारे ११३० च्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथातील अन्नभोग या प्रकरणात मांडे, पोळ्या, डाळींचे पदार्थ, उडदाच्या पिठाची इड्डरिका आणि दुधाच्या अनेक कृती आहेत, तशाच मांसाच्याही आहेत, आणि या राजेशाही पाकशाळेत तूप-दुधाचा हात सढळ आहे. व्रत म्हणून मांस न खाणारे वरचे वर्ग प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नावर, म्हणजे दूधतुपावर, गरिबांपेक्षा अधिक अवलंबून होते, आणि ज्याला मांस वर्ज्य नव्हते तो कोरडवाहू कुणबी मात्र वर्षाचे बहुतेक दिवस जवळजवळ निव्वळ वनस्पतींवर जगत होता. आहाराच्या इतिहासातील हे उलटे चित्र ठळकपणे सांगितले पाहिजे, कारण शाकाहाराची चर्चा नेहमी पहिल्या वर्गाच्या नावाने होते.

तरीही त्या ताकाच्या वाटीला कमी लेखता येत नाही. ‘ब-१२’ हे जीवनसत्त्व फक्त जिवाणू तयार करतात, वनस्पतींत ते नसते, आणि माणसाला ते मांस, मासे, अंडी किंवा दूध यांतून मिळते. त्याची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम इतकी सूक्ष्म असली तरी दीर्घकाळ ते न मिळाल्यास रक्त आणि मज्जातंतू दोन्ही बिघडतात. ते वेगळे काढण्यात शास्त्रज्ञांना १९४८ मध्ये यश आले, म्हणजे त्याआधीच्या शेकडो पिढ्यांना या उणिवेचे नावही ठाऊक नव्हते. ताकाचे दोन घोट आणि जत्रेतला मांसाचा तुकडा यांतून ती गरज कशीबशी भागत असावी, असे मानण्यास जागा आहे.

व्रत म्हणून मांस सोडणाऱ्यांचा विचार या पार्श्वभूमीवर केला की त्या व्रताचा व्यावहारिक अर्थ नीट कळतो. तेराव्या शतकात चक्रधरांच्या महानुभाव पंथाने अहिंसा आणि भिक्षान्न यांचा आग्रह धरला. वारकरी पंथात गळ्यात तुळशीची माळ घालणारा माळकरी मांस आणि मद्य सोडतो. माळ घातलेल्या कुणब्याच्या, माळ्याच्या किंवा कुंभाराच्या रोजच्या ताटात त्यामुळे फारसा फरक पडत नव्हता, कारण मुळात त्यात मांस नव्हतेच. तो जे सोडत होता ती जत्रेतील पंगत होती, कुळाच्या देवाच्या बकऱ्यातला हिस्सा होता, भाऊबंदांच्या एकत्र जेवणातली जागा होती. शरीराला सोपे असलेले हे व्रत नात्यागोत्याला जड जात असे, आणि दिंडीतील व फडावरील नव्या सोबतीने ती उणीव भरून काढली म्हणूनच ते खेड्यापाड्यांत टिकले. कोल्हापूर-सांगलीकडील जैन शेतकऱ्यांची गोष्ट याहून कठीण होती. कंदमुळे आणि सूर्यास्तानंतरचे जेवण वर्ज्य, पावसाळ्याच्या चार महिन्यांत पालेभाज्यांवर मर्यादा, असे नियम पाळायचे आणि त्याच वेळी नांगराखाली मरणाऱ्या जिवांचे भान ठेवून शेतीही करायची, हा पेच त्यांनी डाळी, वाळवण आणि दिवसाउजेडीच्या जेवणाची शिस्त यांनी सोडवला. पेरणीच्या दिवसांत सूर्यास्तापूर्वी घरी येऊन जेवणे हे शेतकऱ्याला किती अवघड असते हे लक्षात घेता ही शिस्त आदरास पात्र आहे.

ताटापुरते पाहिले तर वनस्पतिप्रधान जीवन असे साधत होते. शेताकडे वळले की चित्र पालटते. काळ्या, चिकट जमिनीत मोठा नांगर ओढायला सहा-सहा, आठ-आठ बैल लागत, आणि एवढे बैल एका घरात नसल्याने शेजाऱ्यांनी सावड करून, म्हणजे आपापले बैल आळीपाळीने एकत्र जुंपून, नांगरट उरकावी लागे. कुळव, पाभर, मळणीची पात, गाडी आणि घाणा ही सर्व बैलाची कामे होती. खत शेणाचे होते, आणि शेतात मेंढ्या बसवण्यासाठी, म्हणजे रात्रभर कळप बसवून त्यांच्या लेंड्या व मूत्र जमिनीत मुरवण्यासाठी, शेतकरी धनगरांना धान्य देत. बागायत मोटेवर चाले. विहिरीच्या काठावरील उतरत्या धावेवर बैल पुढे-मागे चालत, नाड्याला बांधलेली मोट वर येऊन थारोळ्यात पाणी ओतत असे, आणि ती मोट कातड्याची असे. भाजीपाला, ऊस, हळद, बागायती गहू ही व्रतस्थ ताटातील सगळी श्रीमंती या कातडी मोटेच्या पाण्यावर पिकत होती.

ते कातडे कोठून येत होते, हा प्रश्न विचारल्यावाचून हा इतिहास प्रामाणिक होत नाही. बैल म्हातारा होऊन दावणीला मरे, आणि त्याला ओढून नेण्याचे काम गावगाड्याने महारांवर लादलेले होते. कातडे कमावण्याचे, म्हणजे चुना, बाभळीची साल, तरवड आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवून टिकाऊ करण्याचे, दुर्गंधीचे काम ढोर करीत, त्याची मोट, वहाणा व आसूड चांभार बनवीत आणि दोरखंड वळण्याचे काम मांगांकडे असे. या कामांच्या बदल्यात बलुते, म्हणजे पिकातील ठरलेला वाटा मिळे, पण तो इतका तोकडा असे की मेलेल्या जनावराचे मांस हाच अनेक महार व मांग कुटुंबांच्या अन्नाचा भाग झाला, आणि ते वाळवून चान्या करून ठेवण्याची पद्धत दारिद्र्यातून जन्मली. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक या अन्नसंस्कृतीची साक्ष देते. मग त्याच मांसामुळे या लोकांना अपवित्र ठरवले गेले. ज्यांच्या श्रमाने मोट, वहाणा, बुधला आणि कीर्तनातील पखवाजाची पुडी तयार होत होती त्यांनाच त्या मोटेच्या विहिरीवर पाणी भरण्याची मनाई होती, आणि हा अन्याय वनस्पतिप्रधान ताटाच्या पायातच पुरलेला आहे. चौदाव्या शतकात मंगळवेढ्यात गावकुसाच्या बांधकामात दबून मेलेले वारकरी संत चोखोबा ज्या महार समाजात जन्मले त्याच्यापुढे अहिंसेचे व्रत आणि जन्माने लादलेले काम असा पेच होता, जो माळकरी कुणब्यापुढे कधीच आला नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस खाणे आणि मेलेली जनावरे ओढणे सोडून देण्याचे आवाहन केले, तेव्हा त्यांनी अन्नाचा प्रश्न पावित्र्याच्या चौकटीतून काढून स्वाभिमानाच्या चौकटीत आणला. त्याआधी १८८३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये बैलांच्या कत्तलीला हरकत घेतली होती ती पूजनीयतेच्या कारणाने नव्हती; बैल कमी झाले की शेती बसते, हा शेतकऱ्याचा हिशेब त्यामागे होता.

वस्त्रांतही प्राण्यांवरचे असेच अवलंबन दिसते. कापूस आणि जवसाच्या झाडाचे धागे ताम्रपाषाण काळापासून या भागाला परिचित होते आणि सामान्य माणूस सुतीच नेसत असे, परंतु सोवळ्यासाठी रेशीम किंवा लोकरीची धाबळी लागे, थंडी-पावसात धनगरी घोंगडे लागे. अन्नात प्राणी टाळणाऱ्याने वस्त्रात तो टाळावा अशी कल्पना रुजली नव्हती.

या आहाराच्या मर्यादा दुष्काळात आणि गरिबीत उघड्या पडल्या. १८७६-७८ च्या दुष्काळात ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावरील मजुराला रोज एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम धान्य व वर एक आणा पुरे, असे ठरवले. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी डाळ व भाजीवाचून नुसते धान्य श्रमाच्या शरीराला पुरत नाही असे सांगून त्याला विरोध केला, तर मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पूर्व विदर्भात भातानंतर ओलीवर येणारी लाखेची डाळ दुष्काळातही पिकते, पण महिनोन्‌महिने तीच खाल्ली तर पाय कायमचे लुळे पडतात; लॅथिरिझम नावाच्या या रोगाची नोंद मध्य भारतातील सागर भागात ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांनी १८३० च्या दशकातील घटनांबाबत केली, आणि गरिबांच्या ताटात ती डाळ राहिली कारण दुसरी परवडत नव्हती. हैदराबादच्या पोषण संस्थेतील डॉ. गोपालन यांनी १९६० मध्ये दाखवून दिले की जवळजवळ निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या लोकांत पेलाग्रा, म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने त्वचा सोलवटणारा रोग, आढळतो. १९२८ पासून मुंबईत काम करणाऱ्या इंग्रज डॉक्टर लुसी विल्स यांना गिरण्यांतील गरीब गरोदर स्त्रियांत एक घातक रक्तक्षय दिसला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे ओळखले गेलेले फोलेट हे जीवनसत्त्व त्या शोधामागे होते. हे द्रव्य हिरव्या पालेभाज्यांत आणि कडधान्यांत विपुल असते. गावात बांधावर फुकट मिळणारी भाजी शहराच्या चाळीत विकत घ्यावी लागली आणि मजुरीत ती बसेना, तेव्हा वनस्पतींचाच आहार आजाराचे कारण झाला. म्हणून या रोगांचा दोष वनस्पतींवर टाकणे बरोबर नाही. ज्वारीला डाळ, डाळीला भाजी आणि भाजीला तेल अशी जी साखळी बेताच्या शेतकऱ्याकडे होती तिची एकेक कडी भूमिहीनाच्या हातून गेली होती.

दूधही सोडून जगता येते का, याचा जाणीवपूर्वक प्रयोग महात्मा गांधींनी केला. दक्षिण आफ्रिकेत १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडले आणि फळे, भुईमूग व तेल यांवर काही वर्षे काढली. १९१८ च्या गंभीर आजारानंतर माथेरानला हवापालट करूनही शक्ती येईना, तेव्हा मुंबईच्या डॉ. दलालांनी दुधाचा आग्रह धरला आणि व्रत घेताना गाई-म्हशींचेच दूध मनात होते या कस्तुरबांच्या युक्तिवादावर त्यांनी शेळीचे दूध घेतले. ते घेताना आपले सत्य उणे पडल्याची बोच त्यांनी आत्मकथेत नोंदवली आहे. ब-१२ च्या शोधाला तेव्हा तीस वर्षे अवकाश होता.

विसाव्या शतकात शेत आणि ताट यांचे नाते उलटे झाले. आधी लोखंडी मोट, मग तेलाचे इंजिन आणि विजेचा पंप आला, कातडी मोट विहिरीवरून नाहीशी झाली, रासायनिक खताने शेणाची आणि ट्रॅक्टरने बैलाची जागा घ्यायला सुरुवात केली. जे शेत जनावरांवाचून चालत नव्हते ते त्यांच्याशिवाय चालू लागले. त्याच दशकांत १९४९ ची मुंबईतील आरे दुग्धवसाहत, पुढे सहकारी दूधसंघ, १९७० चा दूधमहापूर कार्यक्रम आणि संकरित गाई यांमुळे ताटातील दुधाचा वाटा पूर्वी कधी नव्हता इतका वाढला. खिलार गाईचे ताक पिणाऱ्या घराच्या गोठ्यात संकरित गाय आली आणि दावणीचा बैल विकला गेला. फक्त रब्बीच्या ज्वारीच्या पट्ट्यात जुना हिशेब काही काळ हटला नाही. १९६४ मध्ये पहिली संकरित ज्वारी आली तेव्हा तिचे दाणे अधिक होते, पण ताट आखूड होते आणि कडबा थोडा व निकस पडे. सोलापूर भागातील शेतकऱ्यांनी रब्बीत ती फारशी स्वीकारली नाही आणि मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेली उंच, पांढऱ्या टपोऱ्या दाण्यांची मालदांडीच पेरत राहिले, कारण तिच्या कणसातून घराची भाकर आणि ताटातून दावणीची वैरण निघत होती.